राजाला कोण विचारणार?

लंडन शहरांत व्हाइटहॉल येथें ‘बँक्वेटिंग हाउस’ नांवाची एक जुनी इमारत आजहि उभी आहे. तिच्या दिवाणखान्याच्या छतावर रूबेन्स या विख्यात चित्रकाराचीं भव्य चित्रें आहेत. त्यांपैकीं मधल्या चित्रांत इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचें स्वर्गारोहण दाखविलें आहे. हीं चित्रें त्याचा पुत्र पहिला चार्ल्स यानें काढवून घेतलीं, आणि ता. ३० जानेवारी १६४९ रोजीं त्याच छताखालून चालत जाऊन तो बाहेर उभारलेल्या वधमंचावर चढला.

पित्याला देवपदीं बसविणाऱ्या पुत्रावर हा प्रसंग कां यावा?

जेम्सचें मत असें कीं, राजा हा पृथ्वीवरील ईश्वराचा प्रतिनिधि. त्याला जाब विचारण्याचा अधिकार प्रजेला नाहीं, तो एका ईश्वराला. १६१० सालीं पार्लमेंटपुढें त्यानें राजांना देवांची उपमा दिली. न्यायानें बोलावयाचें तर, राजानें मन मानेल तसें वागावें असें तो म्हणत नव्हता. चांगल्या राजानें कायद्याप्रमाणें चालावें, असेंच तो सांगे. परंतु तो तसा चालतो कीं नाहीं हें पाहणारा या लोकीं कोणीच नाहीं, येथेंच सारी मेख आहे.

चार्ल्स १६२५ सालीं गादीवर आला. पार्लमेंटच्या संमतीवांचून कर न घेण्याचें त्यानें १६२८ सालीं मान्य केलें, आणि १६२९ पासून ११ वर्षें पार्लमेंट बोलाविलेंच नाहीं! परंतु पैसा तर हवा. तेव्हां संकटकाळीं किनाऱ्यावरील गांवांकडून घेण्यांत येणारी जहाजपट्टी त्यानें शांततेच्या काळीं समुद्रापासून दूरच्या परगण्यांवरहि बसविली. जॉन हॅम्डन या जमीनदारानें अवघ्या २० शिलिंगांची पट्टी भरण्याचें नाकारलें. १६३८ सालीं १२ न्यायाधीशांपैकीं ७ राजाच्या बाजूचे झाले, ५ हॅम्डनच्या. खटला राजानें जिंकला. लोकांचीं मनें मात्र गमावलीं. १६४२ सालीं यादवी युद्ध पेटलें.

पराभूत होऊन आरोपी म्हणून उभा राहिल्यावर चार्ल्सनें एकच प्रश्न पुनःपुन्हां केला : कोणत्या अधिकारानें तुम्ही माझा न्याय करतां? वर्गांत हें सांगितलें म्हणजे मुलें हंसत. एकानें मात्र एकदां विचारलें, “पण सर, त्यांत त्याचें काय चुकलें?” त्या दिवशीं मीं उत्तर टाळलें, तें आज देतों.

प्रश्न बरोबरच होता. सैन्यानें विरोधी सभासदांना आधींच सभागृहाबाहेर काढलें होतें, आणि उरलेल्यांनीं तें न्यायासन मांडलें होतें. त्याच सैन्याचा नायक क्रॉमवेल यानें १६५३ सालीं तें उरलेलें पार्लमेंटहि शिपाई आणून उधळून लावलें. राजाचें शीर तुटलें, पण “मला कोण विचारणार?” ही वृत्ति तुटली नाहीं. १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानें, पार्लमेंटच्या संमतीवांचून कायदे तहकूब करणें व कर घेणें राजाला बंद केलें, तेव्हां कोठें तिला लगाम बसला.

चार्ल्सचा दोष प्रश्न विचारण्यांत नव्हता. तोच प्रश्न हॅम्डननें २० शिलिंगांसाठीं विचारला तेव्हां त्यानें तो कानाआड केला, यांत होता. सत्ता ईश्वराच्या नांवानें येवो, तलवारीच्या बळावर येवो कीं लोकांच्या नांवानें येवो. तिला हा प्रश्न निर्भयपणें विचारतां येतो कीं नाहीं, एवढें नागरिकानें पाहावें. माझा तो विद्यार्थी आज ऐकत असेल, तर उत्तराला झालेल्या विलंबाबद्दल त्यानें मला क्षमा करावी.