विमानाचा तोल

मागच्या वेळी मी इथं बसून ब्लाउजच्या कटोरीबद्दल बोलले होते. आज विमानाबद्दल बोलणार आहे. हसू नका! खरं विमान नव्हे, फोमचं, बॅटरीवर चालणारं, रिमोटनं उडवायचं. धाकटी दहावी झाली तेव्हा तिच्या मामानं हे खोकं पाठवलं. "मुलीला कुठं विमान?" असं घरात एकदा म्हणून झालं, आणि मग आठ दिवस सगळे त्या खोक्याभोवतीच.

आत निघालं काय? धड, दोन पंख, शेपटीचे तुकडे, कार्बनची एक नळी आणि मूठभर स्क्रू. नेफ्यात नाडी ओवतो तसे दोन्ही पंख त्या नळीवर ओवायचे. शेपटी पक्की करण्याआधी मागं उभं राहून ती पंखाला समांतर आहे का ते बघायचं. कापडाचा उभा-आडवा धागा बघणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. डिंक लावण्याआधी मात्र एका टाकाऊ तुकड्यावर लावून बघा. झटपट चिकटणारा साधा डिंक पांढऱ्या थर्माकोलला अक्षरशः खातो.

पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या असतात. काडेपेटीहून लहान मोटर, तिला सर्वो म्हणतात, ती तारेनं पट्टी हलवते. रिमोट चालू करून सर्वो मधोमध आणायचा आणि मगच तार अडकवायची. मग विमानाच्या मागं उभं राहून तपासायचं: दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची पट्टी वर, डाव्याची खाली. दांडी आपल्याकडे ओढली की शेपटीची पट्टी वर. उलटं होत असेल तर रिमोटमध्येच सुलट करता येतं. हे सगळं होईपर्यंत पुढचं पातं, म्हणजे प्रोपेलर, बसवायचाच नाही. चुकून दांडीला धक्का लागला तर तो बोटं कापतो. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी रिमोट चालू, मग बॅटरी जोडायची. काढताना आधी बॅटरी, मग रिमोट.

आता माझी चूक सांगते. त्यासाठीच आज आले आहे.

विमानाचा तोल बघायचा असतो. आमच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, पंखाच्या पुढच्या कडेपासून ५० मिलिमीटरवर. तिथं दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरायचं. विमान आडवं राहिलं किंवा नाक जरासं खाली झुकलं तर ठीक. धाकटीनं बॅटरी घालून घरी हे नीट केलं होतं. माळावर गेलो तर वायर मध्ये आल्यानं झाकण बसेना. ऊन चढत होतं, घरी गिऱ्हाईक येणार होतं. मी म्हटलं, "आण इकडं," आणि बॅटरी तीन-चार बोटं मागं सरकवून झाकण लावलं.

हातातून सोडल्याबरोबर विमानानं नाक वर केलं. धाकटी दांडी पुढे ढकलत होती, तरी ते चढतच गेलं, हवेत क्षणभर थांबल्यासारखं झालं आणि पंखावर कलंडून खाली आलं. नाक तुटलं, पातं मोडलं. पोरगी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रात्री तिनं वहीत हिशेब मांडून माझ्यापुढं ठेवला. विमान ८०० ग्रॅमचं, बॅटरी १८० ग्रॅमची. बॅटरी ६ सेंटीमीटर मागं गेली की सगळ्या विमानाचा तोल साडेतेरा मिलिमीटर मागं जातो. शेपटी जड झाली की विमान हाताबाहेर जातं. नाक थोडं जड असलं तर निदान सांभाळता तरी येतं.

दुरुस्ती फारशी अवघड गेली नाही. चेपलेल्या फोमवर उकळतं पाणी ओतलं की आमच्या जातीचा फोम फुगून बराचसा पूर्ववत होतो, ते काम मी केलं. नाक चिकटवलं, पातं नवं आणलं. बॅटरीची मात्र फार काळजी घ्या हं. ही लिथियम पॉलिमरची असते, पडली किंवा फुगली की आग धरू शकते. पडल्यावर आम्ही ती तासभर अंगणात उघड्यावर ठेवून लक्ष ठेवलं. फुगली असती तर पुन्हा वापरली नसती. चार्जिंग तिच्याच चार्जरवर, फरशीवर, कुणीतरी जवळ असताना. गादीवर नाही, रात्री झोपताना तर नाहीच.

दुसऱ्यांदा सकाळी सहाला गेलो, वारा पडलेला असताना. शेजारच्या गल्लीतला कॉलेजचा मुलगा, ज्याला उडवता येतं, त्यानं आधी एक फेरी मारून दिली. मग रिमोट धाकटीच्या हातात. चार मिनिटं उडालं, गवतात पोटावर उतरलं.

तिनं आता धडाच्या आत माझ्या मार्किंगच्या पेनानं रेघ मारली आहे. बॅटरीची पुढची कड त्या रेघेला टेकली पाहिजे. वायर कुठून वळवायची तेही तिनं ठरवलं आहे. झाकण मात्र मला अजून लावू देत नाही.