चाळीस मिनिटांचा सामना आणि उरलेला दिवस

(जळगाव येथे महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल खेळाडू व पालक यांच्या मेळाव्यात एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेने केलेल्या भाषणाचा हा संकलित भाग.)



अशा समारंभात विजयाविषयी बोलण्याची रीत आहे. माझ्या वाट्याला विजय तसे बेताचेच आले. म्हणून मी आज खेळाडू मुलीच्या दिवसाविषयी बोलणार आहे. बास्केटबॉलचा सामना चाळीस मिनिटांचा असतो. आमच्या वेळी तो वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत खेळला जाई, आता दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत खेळला जातो, बेरीज तीच. परंतु आपल्या खानदेशातील मुलगी त्या चाळीस मिनिटांपर्यंत पोहोचते कशी, आणि पदवीनंतर ती मैदानावरून जाते कोठे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आवाजाचा पहिला धडा

मी १९८३ मध्ये धुळ्यात महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाला दाखल झाले. शाळेत खो-खो आणि लंगडी खेळले होते. बास्केटबॉलची कडी तोवर जवळून पाहिली नव्हती. आमचे क्रीडांगण मुरुमाचे होते. चेंडू आपटला की तो सरळ उसळेलच याची खात्री नसे. आपल्याकडचे ऊन आपणास ठाऊक आहे. त्यामुळे सराव सकाळी सहाला सुरू होई आणि आठच्या आत संपे.

आमच्या सरांनी पहिला धडा दिला तो चेंडू फेकण्याचा नव्हे, ओरडण्याचा. या खेळात बचाव करताना पुढच्या खेळाडूला आपल्या पाठीमागून कोण येत आहे हे दिसत नाही. ते मागच्या खेळाडूने मोठ्याने सांगायचे असते. ‘डावीकडे’, ‘मी घेते’, ‘मागे जा’, एवढे तीन शब्द वेळेवर उच्चारले गेले नाहीत, तर पाचजणींचा बचाव कोसळतो. आणि नेमका तोच आवाज आमच्याजवळ नव्हता. ‘हळू बोल’ हे ऐकतच आम्ही लहानाच्या मोठ्या झालो होतो. सरांनी आम्हाला मैदानाच्या दोन टोकांना उभे केले आणि समोरचीला नावाने हाक मारण्यास सांगितले. अठ्ठावीस मीटर अंतर! पहिल्या दिवशी एकीचीही हाक पलीकडे पोहोचली नाही. रस्त्याने जाणारे लोक थांबून पाहू लागले, तशा आम्ही आणखीच संकोचलो. पंधरवड्याने मात्र आवाज फुटला. पुढे नोकरीच्या मुलाखतीत आणि सभांमध्ये मी बोलू शकले, त्याचे मूळ त्या पंधरवड्यात आहे, असे मी मानते.

मैदानावरच्या रेघा

हा खेळ १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने सुरू केला. व्यायामशाळेच्या सज्जाला त्याने पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. तो सज्जा दहा फूट उंचीवर होता, म्हणून आजही कडी ३.०५ मीटर उंचीवर असते. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत जवळच्याच स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ मुलींना शिकवला. १८९३ च्या मार्चमध्ये तेथे मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता.

त्या काळी मुलींना फार श्रम सोसणार नाहीत अशी समजूत होती. म्हणून बेरेन्सनबाईंनी मैदानाचे तीन भाग केले. ज्या मुलीला जो भाग दिला, त्याची रेघ तिने ओलांडायची नाही. चेंडूही तीन सेकंदांहून अधिक काळ हाती ठेवायचा नाही. काळाच्या मानाने त्यांनी मुलींसाठी पुष्कळ मिळवले, यात शंका नाही. पुढे मुलींच्या मैदानावरील त्या रेघा पुसल्या गेल्या. १९७६ मध्ये माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये महिलांचा बास्केटबॉल प्रथमच आला, तेव्हा मुली पूर्ण मैदानावर धावत होत्या. आपल्या देशात ख्रिस्ती युवक संघाने, म्हणजे वायएमसीएने, हा खेळ रुजवला. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला काढलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा त्यात मोठा वाटा आहे. १९८४ नंतर तीन गुणांची रेघ आली. पण आमच्या दिवसांत ज्या रेघा खरोखर आड येत, त्या मैदानावर आखलेल्या नव्हत्या.

रोज नव्याने मागायची परवानगी

मुलाने खेळायचे ठरवले की घरी एकदा सांगितले म्हणजे भागते. मुलीला ती परवानगी रोज नव्याने मिळवावी लागे. सकाळी लवकर का जायचे, संध्याकाळी उशीर का झाला, अर्धी विजार घालूनच खेळावे लागते काय, परगावी बरोबर कोण आहे, असे प्रश्न ठरलेले असत. हे प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांना मी दोष देत नाही. त्यांची काळजी खरी होती, आणि त्यांना उत्तर देण्याची जबाबदारी आम्हा मुलींपेक्षा खेळ चालवणाऱ्यांची होती.

धुळ्याहून जळगावला सामन्यासाठी यायचे म्हणजे पारोळा, एरंडोल करीत नव्वदहून अधिक किलोमीटरचा एसटीचा प्रवास. कपडे बदलण्यास खोली मिळेल याची शाश्वती नसे, म्हणून खेळाचा गणवेश आम्ही सलवार-कमीजच्या आतच घालून निघत असू. एका गावी स्पर्धेच्या ठिकाणी मुलींसाठी स्वच्छतागृहच नव्हते. ते कळताच आम्ही सकाळपासून पाणी पिण्याचे टाळले. दुसऱ्या भागात आमच्या दोघींच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि हाती आलेला सामना गेला. गुणपत्रकावर पराभव नोंदला गेला. त्याचे कारण कोठेही लिहिले गेले नाही. मासिक पाळीच्या दिवसांत काय होई, हे तर आम्ही आपसांतही बोलत नसू.

आज पुष्कळ बदल झाला आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासात महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत मिळते. गणवेशाविषयीचे प्रश्न शहरांत तरी मावळले आहेत. पण परगावच्या मुलीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे पाहून सरावाची वेळ ठरवणारी महाविद्यालये किती, हा प्रश्न मी आजही विचारते.

ताटातील खेळ

सरावाइतकेच महत्त्व आहाराला आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तात हिमोग्लोबिन कमी असले की स्नायूंना प्राणवायू कमी मिळतो. मुलगी धावता धावता लवकर थकते, तिला दम लागतो, आणि आपण म्हणतो की हिच्यात जिद्द नाही. मी शिकवीत असताना असा ठपका मीही ठेवला आहे. पुढे रक्ततपासणी करून घेऊ लागले तेव्हा माझी चूक मला कळली. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. वर्षाच्या आरंभी संघातील प्रत्येक मुलीची ती व्हावी.

महागड्या खाद्याची गरज नाही. कळण्याची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे आणि गूळ, आणि आपल्या जळगावची केळी, एवढ्यावर चांगली खेळाडू उभी राहते. अट एकच की तिच्या ताटात हे सर्व पुरेसे पडावे, आणि ते सर्वांच्या शेवटी वाढले जाऊ नये.

आणखी एक गोष्ट गुडघ्याची. उडी मारून उतरताना किंवा धावता धावता एकदम वळताना गुडघ्यातील बंध तुटण्याची दुखापत मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक आढळते. मांड्यांचे बळ वाढवणारे व्यायाम आणि गुडघा आत न झुकवता उतरण्याचा सराव यांनी हा धोका कमी होतो. कठीण सिमेंटच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलींनी तर हे कधीही टाळू नये.

आपल्या विद्यापीठाचा संघ

माझ्या काळी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायची म्हणजे पुण्याच्या मुलींच्या बरोबरीने निवड चाचणीत उतरावे लागे. त्यांना चांगली मैदाने, जुने संघ आणि रोजचे तुल्यबळ सामने लाभत; आम्ही रात्रभर प्रवास करून चाचणीला उभ्या राहत असू. बारा जागांपैकी एखादी आपल्याला मिळावी, ही फार मोठी आकांक्षा वाटे.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. या विद्यापीठाने शिक्षणात काय केले ते सर्वजण सांगतात. खेळाडू म्हणून मी एवढेच सांगेन की त्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या बारा मुलींना दरवर्षी विद्यापीठाचा गणवेश मिळू लागला. असोद्याच्या ज्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांचे नाव छातीवर घेऊन आपल्या मुली आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतात, हे पाहताना माझे मन भरून येते.

तिसऱ्या वर्षाची कहाणी

आता एक आठवण सांगते. आमच्या संघात पारोळ्याकडच्या एका खेड्यातील उंच मुलगी होती. कडीखाली ती उभी राहिली की आम्ही निर्धास्त असू. शेवटच्या वर्षी तिला निवड चाचणीचे पत्र आले, आणि नेमक्या त्याच दिवशी तिला पाहण्यास पाहुणे येणार होते. तिने घरी पत्राचा विषयसुद्धा काढला नाही. चाचणीच्या दिवशी ती आली नाही, तेव्हा सर एवढेच म्हणाले, “हे पत्र मी स्वतः तिच्या घरी घेऊन जायला हवे होते.” ते वाक्य मी विसरले नाही. मी स्वतः क्रीडाशिक्षिका झाले तेव्हा एकही पत्र मी मुलीच्या हाती दिले नाही. घरी गेले, आईच्या हाती दिले आणि चहा घेऊन परतले.

बऱ्याच वर्षांनी ती आमच्या मैदानावर आली होती. केळीच्या बागेचा सारा हिशेब आता तीच पाहते. मुलींचा सराव चालला होता. महिलांसाठी थोडा लहान, सहा क्रमांकाचा चेंडू २००४ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत आला; तो तिने प्रथमच हाती घेतला. उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “हा आपल्या हातात बसतो गं.” मग मुक्त फेकीच्या रेघेवर उभी राहिली. पहिला चेंडू फळ्यालाही लागला नाही. चौथा कडीत गेला. ती हसली आणि पदर सावरून निघाली. मी तिला पुन्हा येण्याचा आग्रह केला. पण यायचे कोठे, हे मला सांगता आले नाही. पदवी झालेल्या स्त्रीला संध्याकाळी तासभर खेळता येईल, असे ठिकाण तेव्हा माझ्याजवळ नव्हते.

आपल्या हातातील गोष्टी

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. मुलींच्या सरावाची वेळ एसटीच्या वेळापत्रकाशी जुळवावी. प्रत्येक स्पर्धेच्या ठिकाणी स्वच्छतागृह, पाणी आणि कपडे बदलण्याची खोली आहे याची खात्री झाल्यावरच सामने लावावेत. वर्षातून एक सामना असा ठेवावा की ज्याला खेळाडूंच्या आयांना निमंत्रण असेल. ज्या आईने मुलीला कडीत चेंडू टाकताना एकदा पाहिले, ती दुसऱ्या दिवशी पहाटे तिला स्वतः उठवते, हा माझा अनुभव आहे.

पालकहो, शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी केवळ सहभाग पुरत नाही. ठरावीक स्तरावरील प्राविण्य लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. ती प्रमाणपत्रे जपून ठेवा. शारीरिक शिक्षणाची पदवी, पंचाची परीक्षा, प्रशिक्षणाचे काम हे मार्गही मुलींना खुले आहेत. आपल्याच राज्यातील पुण्याची शिरीन लिमये २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या ‘ब’ गटात अजिंक्य ठरलेल्या भारतीय संघातून खेळली. सर्वांनाच तेवढी उंची गाठता येणार नाही. पण प्रत्येकीला तीस-चाळीस वर्षे खेळता येईल अशी सोय गावोगावच्या क्रीडांगणांवर करता येईल. आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान माजी खेळाडूंसाठी राखून ठेवण्यास मोठा निधी लागत नाही. दिवा आणि कुलपाची किल्ली पुरते.

मैत्रिणींनो, तुम्ही खेळा, अभ्यास करा आणि मैदानावर मोठ्याने बोला. घरी येणाऱ्या पत्राचा विषय काढण्यासही तोच आवाज लागतो. तो काढण्याचे धैर्य एकट्या मुलीकडून अपेक्षू नये, एवढीच माझी येथे बसलेल्या शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे.