यादीबाहेरच्या माता : स्वागताध्यक्षांचे भाषण



परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालच्या वळणांनी आपण धारणीस आलात, त्या प्रवासात बसलेल्या हिसक्यांबद्दल क्षमा मागण्याचा शिष्टाचार मी पाळणार नाही. कारण मेळघाटातील अडलेली बाळंतीण याच रस्त्याने खाली नेली जाते, आणि तिची निम्मी कैफियत आपणांस न सांगताच कळली, हे स्वागत समितीस इष्टच वाटते. भोजन-निवासाच्या बंदोबस्तात उणीव राहिल्यास ती मात्र सर्वस्वी आमची.

रस्त्यांची ही गत असली, तरी लसीकरणाविषयी सरकारी दप्तर अभिमानाने बोलते, आणि तो अभिमान अनाठायी नाही. माता आणि नवजात अर्भके यांच्या धनुर्वाताचे प्रमाण देशाच्या प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी झाल्याचे २०१५ साली मान्य झाले. दोन ते आठ अंशांचा गारवा राखीत लसीची पेटी खांद्यावरून पाड्यापाड्यांत नेणाऱ्या नर्सबाईंचे श्रम त्यामागे आहेत. परंतु दहाव्या व सोळाव्या वर्षी द्यावयाची धनुर्वात-घटसर्पाची मात्रा बहुधा शाळेत दिली जाते, आणि सोळाव्या वर्षी आमची कोरकू आदिवासी मुलगी शाळेत असतेच असे नाही. ती आईबापांबरोबर दूर मजुरीस गेलेली असते, होळीला परतते, आणि कित्येकदा तोवर तिचे लग्नही उरकलेले असते. पुढे तिला दिवस गेले, की अठरा वर्षांच्या आतील विवाहाबद्दल खटला होईल या धास्तीने घरची मंडळी तिला नोंदवहीपासून लपवितात, किंवा तिचे वय वाढवून सांगतात. कायदा योग्यच आहे. तथापि जिच्या रक्षणार्थ तो झाला, तीच त्याच्या धाकाने दवाखान्याची पायरी चढेनाशी व्हावी, हे तो करणाऱ्यांच्या मनात खचित नसावे.

शिवाय कोवळ्या वयाच्या मातांचा रक्तक्षय, अपुरी वाढलेली कटी आणि गरोदरपणातील झटके यांवर लस नाही. चौदाव्या वर्षी प्रसूत होऊन दहा दिवसांचे अपत्य गमावलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या काळी निदान ते कोवळे मातृत्व कोणी दडवीत तरी नव्हते!

तेव्हा प्रथम तपासणी आणि लस, चौकशी मागाहून, अशी तजवीज कायद्याच्या चौकटीत कशी बसवावी, आणि होळीच्या आठवड्यातील बाजाराच्या दिवशी लसीकरण का ठेवू नये, याचा खल येथे व्हावा. आजारपणात कोरकू मुलगी प्रथम ज्यांच्याकडे जाते त्या भुमकांनाही, म्हणजे पारंपरिक वैदूंनाही, आम्ही प्रतिनिधींच्या रांगेत बसविले आहे. त्यामुळे काही डॉक्टरमंडळींच्या कपाळास आठ्या पडलेल्या मला येथून दिसतात, त्यांचे निवारण दुपारच्या चर्चेत ते भुमकाच करतील. अध्यक्षमहाराजांनी आता आसनस्थ व्हावे, अशी विनंती करतो.