अराता इझुमी कोण?



संयोजक म्हणाले, “पाच मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर नको.” म्हणून फुटबॉलवर बोलते.

सुनील छेत्री कोणाला माहीत आहे? बरेच हात वर आले. आणि अराता इझुमी? एकही नाही! मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा गप्प, हे आपल्या वर्गात पहिल्यांदाच घडतंय.

अराता आपल्याच वयाचा, १९८२ सालचा. जन्म जपानमधल्या शिमोनोसेकीचा, आई जपानी, वडील गुजराती. २००६ साली तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळायला भारतात आला. पुढे मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि मग पुणे एफसी. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. बालेवाडीला त्याचा खेळ पाहिला. निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या, पण हा गडी शेवटच्या मिनिटापर्यंत पळत होता.

त्याला भारताकडून खेळायचं होतं. नियम असा, की भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताच्या संघात जागा. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. त्यानं जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१२ मध्ये तो भारतीय झाला. कागदोपत्री नाव लागलं नीलकंठ खंभोळजा. २०१३ मध्ये, तिशी उलटल्यावर, भारताचा शर्ट अंगावर आला. वाट्याला सामने आले मोजकेच. आता तो निवृत्त आहे, मुलांना फुटबॉल शिकवतो. छेत्रीच्या प्रसिद्धीपुढे त्याचं नाव कुठेच नाही.

आपल्या डॉक्टर कोटणीसांचंही काहीसं असंच. १९३८ साली ते चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. चीनमध्ये त्यांचे पुतळे आहेत. सोलापूर सोडलं, तर आपल्याकडे आज किती जण त्यांचं नाव घेतात?

हे सगळं आज का सांगते आहे? गेली बारा वर्षं मी कॅनडात आहे. तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज वर्षभर माझ्या खणात पडून आहे. तो मंजूर झाला, तर आपला पासपोर्ट परत करावा लागेल. कोणी विचारलं की मी म्हणते, “तिथे मला ओळखतं कोण? ऑफिसात माझं नावसुद्धा धड उच्चारत नाहीत.”

अरातानं तर नावच बदलून घेतलं. तेही रिकाम्या खुर्च्या डोळ्यांसमोर असताना. आपण कुठले व्हायचं, हे त्यानं टाळ्या मोजून ठरवलं नाही.

अर्ज भरायचा की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. आई इथे आहे, मुलगी तिथे. खरा पेच तो आहे. पण ‘तिथे मला ओळखतं कोण’ ही सबब मी यापुढे सांगणार नाही.

आणि पुढच्या मेळाव्यात मी अराता इझुमी कोण म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी हात वर करायचे!