कांद्याचा कोंब आणि जीवनसूत्राची डागडुजी



उन्हाळी कांदा चाळींत भरून कांहीं महिने लोटले, कीं त्याला कोंब फुटूं लागतात, हा नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचा नेहमींचा अनुभव आहे. कोंब फुटला, कीं भाव गेला!

हा कोंब रोखण्याचा एक उपाय आपल्याच लासलगांवीं योजिला गेला. भाभा अणुसंशोधन केंद्रानें २००२ सालीं तेथें ‘कृषक’ हें केंद्र उभारिलें. कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण तेथें कांद्यांतून जाऊं देतात. कांदा त्यायोगें किरणोत्सर्गी होत नाहीं. परंतु त्याच्या गाभ्यांतील वाढत्या पेशींचें जीवनसूत्र, म्हणजेच डी. एन. ए., जागोजाग तुटतें.

मग वनस्पतीला तुटलेलें सूत्र सांधतां येत नाहीं काय? येतें, आणि उत्तम येतें. प्राणी सावलींत पळूं शकतो. झाडाला जागा सोडतां येत नाहीं. द्राक्षाचें पान दिवसभर उन्हांत असतें. उन्हांतील अतिनील किरणांनीं सूत्राचे शेजारचे दुवे एकमेकांस चिकटतात. पानांतील ‘फोटोलायेज’ नांवाचें विकर निळ्या प्रकाशाच्या बळावर ते दुवे सोडवितें. ज्या उन्हानें इजा केली, त्याच उन्हांत औषधहि आहे! मानवाजवळ हें विकर नाहीं. आपल्या पेशी बिघडलेला तुकडा कापून तेथें नवा भरतात. झाडें तेंहि करतात.

सूत्राचे दोन्ही पदर एकदम तुटले, म्हणजे काम बिकट होतें. कधीं टोकें तशींच जोडलीं जातात व त्यांत एखादें अक्षर गळतें. कधीं दुसरी अखंड प्रत पाहून बिनचूक भरणी होते. मोडतोड फारच झाली, तर वाढत्या टोंकाच्या पेशी विभाजन थांबवितात किंवा स्वतःच मरण पत्करतात. सदोष पेशींची संतति वाढण्यापेक्षां तें बरें!

लासलगांवची युक्ति हीच. काढणीनंतर, कांदा सुप्तावस्थेंत असतांनाच, किरणांची मात्रा अशी बेतानें देतात, कीं कोंबाच्या पेशींची डागडुजी पुरी पडूं नये, पण कांदा मात्र खाण्यास उत्तम राहावा. तथापि सडणें यानें थांबत नाहीं. चाळ कोरडी व हवेशीर हवीच. बियाण्यासाठींहि असा कांदा निरुपयोगी होय.

म्हणून घरच्या टोपलींतील कांद्यास हिरवा कोंब दिसला, तर रागावण्यापूर्वीं एवढें आठवावें: त्याच्या गाभ्यांतील सूत्र अद्याप धड आहे. आपलें नुकसान तें त्या कांद्याचें नवें आयुष्य आहे.