नदीचें पाणी कोणाचें?

काटोलची जाम नदी जलालखेड्याजवळ वर्धेस मिळते. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमानें प्राणहिता होते, आणि ती गोदावरीस मिळते. म्हणून काटोलच्या संत्र्यांना पाजलेलें पाणी खालच्या राज्यांच्या हिशेबांतहि येतें. गोदावरीचा तंटा सोडविण्यासाठीं १९६९ सालीं लवाद नेमला गेला. परंतु त्याचा १९८० चा निवाडा मुख्यतः राज्यांनीं आपसांत केलेल्या करारांवरच उभा राहिला. राष्ट्राराष्ट्रांतून वाहणाऱ्या नद्यांविषयीं संयुक्त राष्ट्रांनीं १९९७ सालीं नियम मांडले : वांटणी न्याय्य असावी, शेजाऱ्यास मोठी इजा होऊं नये, नवें काम काढण्यापूर्वीं त्यास कळवावें. दोन बागांतील विंधनविहिरींमध्यें मात्र असा करार नसतो. एक खोल गेली कीं दुसरी आटते. राष्ट्रांना सांगितलेला हा शेजारधर्म बांधावरहि पाळला पाहिजे.