इंदूरचे पाळक विल्की

मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने वसलेले गौतमपुरा हे होळकर संस्थानातील एक जुने गाव. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तेथे तुर्रा आणि कलगी असे दोन पक्ष पडतात आणि पेटते हिंगोट परस्परांवर फेकतात. परंपरेवर अशी निष्ठा असलेल्या या संस्थानाच्या राजधानीत, इंदुरात, १८७७ साली कॅनडातील प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक आले. पुढे रेव्हरंड जॉन विल्की त्यांना येऊन मिळाले.

हा पंथ जिनिव्हाच्या कॅल्व्हिनपासून निघालेला. त्यात बिशप नाही. पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील मिळून कारभार पाहतात. पवित्र शास्त्र हेच अंतिम प्रमाण, आणि जीवनाचे कोणतेही क्षेत्र ईश्वरी सत्तेबाहेर नाही, असे तो मानतो. त्यामुळे असा पाळक प्रार्थनामंदिराच्या चार भिंतींत स्वस्थ बसणे कठीण होते.

बाजारात उपदेश सुरू होताच दरबाराशी खटका उडाला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराला ही प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ वाटली. पाळकांना मात्र ईश्वराची आज्ञा राजाज्ञेहून थोर होती. इंग्रजांचे प्रतिनिधी सर लेपेल ग्रिफिन यांच्याकडूनही मिशनऱ्यांना फारशी सहानुभूती मिळाली नाही. प्रजेची श्रद्धा राखणे हे राजाचे कर्तव्य, तसेच आपली श्रद्धा बोलून दाखविणे हा माणसाचा हक्क. दोन्ही बाजूंना न्यायाचा अंश होता, म्हणूनच तंटा सहजी मिटणारा नव्हता.

उपदेशाला न मिळालेला प्रवेश शाळेला आणि दवाखान्याला मिळाला. १८८४ साली डॉक्टर एलिझाबेथ बीटी आल्या. पुरुष डॉक्टरांसमोर जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांना प्रथमच स्त्री डॉक्टर लाभली. १८८७ साली विल्कींनी इंदूर ख्रिश्चन कॉलेज स्थापले. तेथे बायबल शिकविले जाई, तसेच इंग्रजी आणि इतर विषयही. बहुसंख्य विद्यार्थी विद्या घेऊन गेले. धर्म त्यांनी आपलाच ठेवला.

विल्की मताचे पक्के होते. तोच पक्केपणा सहकाऱ्यांशी मतभेदालाही कारण झाला. अखेर त्यांनी इंदूर सोडले आणि झाशीला नवे कार्य उभारले. १९२५ साली कॅनडात तीन पंथांचे एकीकरण झाले, तेव्हा इंदूरचे मिशन संयुक्त चर्चकडे गेले. एकीकरण न मानणाऱ्या प्रेस्बिटेरियनांकडे झाशी आणि भिल्लांमधील कार्य राहिले. पुढे १९७० साली उत्तर भारतातील अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली.

पाळकाच्या प्रभावाचे माप कोणते? बाप्तिस्मा घेतलेल्यांची गणती करावी, तर ते लहान ठरते. विल्कींना स्वतःला हेच माप मान्य झाले असते आणि त्यांच्या मनाला हुरहूर लागली असती. परंतु याच कॉलेजात खंडव्याचा एक विद्यार्थी शिकला, तो पुढे किशोरकुमार म्हणून देशाला परिचित झाला. शहराने पाळकाचा पंथ घेतला नाही, त्याची शाळा घेतली. जो देतो त्याच्या हेतूला घेणारा बांधलेला नसतो, हे ज्याला उमगले, त्याचेच दान समाजात रुजते.